ब्रॅनिगनची गिरणी गप्प राहिली ती सकाळ

मित्रांनो, मी मका दळणारी एक जुनी गिरणी आहे. माझा आवाज ऐकून लोकांना मी मोठी धीट वाटते. तसे काही नाही. मी भित्री आहे, आणि हे आधीच सांगितलेले बरे, कारण मला जे सांगायचे आहे ते सगळे भीतीचेच आहे.

माझा लोखंडी सांगाडा मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात ओतला गेला. माझ्या पोटात दोन काळे दगड आहेत. चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवलेला मका या दोन दगडांमधून गेला की त्याचे मऊ पीठ होते. त्या पिठाच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या होतात, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले तमाले होतात. दगड गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीने खाचा पाडून टाकी लावावी लागते. टाकीचा पहिला घाव बसतो तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो, पण टाकी लावणारा हात चांगला असला की नंतर बरे वाटते.

माझी पहिली वर्षे टेक्सासमधल्या लरेडो गावात गेली. मालक वारला, मुलांना या धंद्यात रस नव्हता. त्यांनी मला उचलून मागच्या अंगणात टाकले आणि वर एक ताडपत्री ओढली. मी गंजले. एका कोंबडीने माझ्या तोंडात अंडी घातली आणि मला ते कौतुकाचे वाटले, यावरून माझी दशा ओळखा. रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी गेली की माझा जीव टांगणीला लागायचा. तिथेच मला एक गोष्ट कळली. गिरणीला झिजण्याची भीती नसते, तिला गप्प पडून राहण्याची भीती असते.

मग एवारिस्तो आला. तो दूर उत्तरेला, नेब्रास्कात, ब्रॅनिगन गावातल्या कत्तलखान्यात कामाला होता आणि चुलतभावाच्या लग्नासाठी लरेडोला आला होता. त्याने ताडपत्री उचलली, बोटाच्या पेराने माझा दगड ठोकला, कान लावून ऐकले आणि मला पिकअपमध्ये चढवले. दोन दिवसांनी आम्ही त्याच्या दारात उभे होतो. त्याची बायको रेफुहिओ, जिला सारे गाव कूका म्हणते, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुला लग्नाला पाठवलं होतं, म्हाताऱ्या. लोक लग्नाहून मिठाई आणतात. तू लोखंड घेऊन आलास?"

"आवाज तर ऐक हिचा."

"तुझाच आवाज काय कमी आहे घरात?"

पण आठवडाभरात तिनेच मला घासूनपुसून चकचकीत केले.

तेव्हा ब्रॅनिगनचा मुख्य रस्ता मेल्यासारखा होता. दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. बँकेने पाटी काढून नेली होती. एक हॅल्वरसनसाहेबांचे खिळे-मोळ्यांचे दुकान तेवढे उघडे होते, आणि साहेब दिवसभर त्याच त्या डब्यांवरची धूळ पुसत बसायचे. कूकाने त्यांच्या शेजारचा गाळा घेतला, आणि एवारिस्तो कत्तलखाना सोडून तिच्या हाताखाली आला. सकाळी बायका घरी शिजवलेला मका घेऊन यायला लागल्या, आधी पातेल्यांतून, मग बादल्यांतून. त्या बादल्या हॅल्वरसनसाहेबांच्या दुकानातूनच यायच्या. आपली बादली ओळखू यावी म्हणून प्रत्येक घर तिच्या कडीला आपापली रंगीत फीत बांधायचे.

दळणाला आलेल्या माणसाला पाव हवा असतो, म्हणून पलीकडे पावाची भट्टी सुरू झाली. पाव घेणाऱ्याला मटण हवे असते. मग खाटीक आला, न्हावी आला, पंधरा वर्षांच्या झालेल्या मुलींच्या सोहळ्यासाठी घेरदार झगे शिवणारी बाई आली. फळ्या निघाल्या. शाळेला नवे वर्ग बांधावे लागले. बँकेने आपली पाटी परत आणली, तीही नवी रंगवून. हे सगळे माझ्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली, हे हॅल्वरसनसाहेबही मान्य करतात. नगराध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि आजूबाजूच्या गावांच्या बैठकीत सांगितले म्हणे, की भरभराट बघायची असेल तर ब्रॅनिगनच्या रस्त्यावर या. मी आठवडाभर जरा जास्तच जोरात गरगरत होते.

या सगळ्यात एक रीत पडून गेली. कुणी ठरवली नव्हती. पहाटे मी सुरू झाले की माझा घरघराट रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा, आणि तो ऐकून बाकीची दुकाने उघडायची. गिरणी बोलली म्हणजे सगळे ठीक आहे, असा त्याचा अर्थ होऊन बसला. मला त्याचा अभिमान होता. त्यात केवढे ओझे आहे हे तेव्हा कळले नव्हते.

मित्रांनो, आता त्या सकाळकडे वळते.

नाताळ तोंडावर होता. घरोघरी तमाल्यांची तयारी चालली होती. कत्तलखान्याची पाळी लवकर सुरू होते, म्हणून लोकांनी आदल्या संध्याकाळीच बादल्या आणून ठेवल्या होत्या. दारापासून माझ्या पायापर्यंत बादल्याच बादल्या. एवारिस्तोने मला नुकतीच टाकी लावली होती. पहाटे कूकाने बटणाकडे हात नेला, आणि ओफेलिया आत शिरली.

ओफेलिया म्हणजे आमच्याकडे कामाला असलेली बाई. पिठाला हात लावून चुना कमी की जास्त ते सांगायची. तिची लेक गावातल्या शाळेत शिकत होती. ओफेलियाकडे या देशात राहण्याचे कागद नव्हते. हे सगळ्यांना माहीत होते आणि कुणीच कधी बोलत नव्हते. अशा लोकांना पकडून देशाबाहेर काढायला सरकारी माणसे गाड्या घेऊन अचानक येतात.

"दोन्या, बटण दाबू नका," ती म्हणाली. ती कूकाला मानाने दोन्या म्हणायची. "पाण्याच्या टाकीपाशी गाड्या आल्यात. पांढऱ्या. काचा काळ्या."

"किती जण आहेत?" एवारिस्तोने विचारले.

"मी मोजायला थांबू?"

"अगं, कुणाच्याही असतील गाड्या."

"शेजारच्या गावात आल्या त्यापण पांढऱ्याच होत्या. माझ्या मावसबहिणीचा नवरा डबा घेऊन कामाला निघाला होता. डबा रस्त्यात सापडला."

समोरच्या भट्टीवाल्याने अर्धे वर केलेले शटर हळूच खाली ओढले. बातमी आमच्याही आधी तिकडे पोचली होती. न्हाव्याचा दिवा विझला. बघता बघता रस्ता चिडीचूप झाला.

"मी सुरू करतो," एवारिस्तो म्हणाला. "आपले कागद आहेत. आपण कशाला घाबरायचं?"

"आपले आहेत," कूका म्हणाली. "बादल्या कुणाच्या आहेत ते बघ."

"म्हणजे?"

"हिचा आवाज ऐकला की लोक म्हणतील, चला, सगळं ठीक आहे. बादल्या न्यायला येतील. पोराबाळांना घेऊन येतील. आणि त्या गाड्या खऱ्या निघाल्या तर? मीच हाक मारून बोलावल्यासारखं होईल."

इतकी वर्षे ज्या आवाजाचा तोरा मिरवला, त्या आवाजाने माणसे पकडली जातील? मला तेव्हा पहिल्यांदाच वाटले, की आपल्याला आवाज नसता तर बरे झाले असते.

"मग मका आंबेल," एवारिस्तो पुटपुटला. "सगळ्यांचा सण जाईल."

कूकाने माझा पट्टा काढला आणि मोटर सुटी केली. तमाल्यांचे पीठ जरा जाडसरच लागते, म्हणून तिने माझे दगड सैल केले. मग दोन्ही हात माझ्या चाकावर ठेवून तिने ते ढकलले. ओफेलिया दुसऱ्या बाजूला उभी राहिली. एवारिस्तो पाणी आणि मका सोडत राहिला. चाक जड, दगड जड, तरी मी हळूहळू फिरायला लागले. मोटरीशिवाय माझा आवाज पोत्यावरून पाय घासल्याएवढाच येतो, हे मलाही ठाऊक नव्हते. दिवे न लावता, पडदे ओढून, त्या दोघी मला फिरवत होत्या. बाहेर काही वाजले की दोघी थांबायच्या, आणि मीही थांबायचे. कूकाच्या तळहातांची सालपटे निघाली.

असे बराच वेळ चालले. दोन-चार बादल्या कशाबशा झाल्या असतील, तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. ओफेलिया मक्याच्या पोत्यांआड झाली. एवारिस्तोने मका सोडणे थांबवले. मला वाटले, संपले सगळे.

"कूका, मी आहे. हॅल्वरसन. गिरणी बिघडली का? मी नवा पट्टा आणलाय."

कूकाने दार बोटभर उघडले.

"बिघडली नाही."

"मग गप्प का? सकाळपासून माझ्या दुकानात माशीसुद्धा आली नाही. भट्टी बंद, खाटीक बंद. शाळेत निम्म्या मुलांचा पत्ता नाही म्हणे. झालंय काय?"

"पाण्याच्या टाकीपाशी गाड्या आहेत."

"त्या पांढऱ्या? अहो, त्या रस्त्याच्या!" साहेब हसायला लागले. "आपला रस्ता नवा करणार आहेत. मोजमाप घ्यायला आलेत. एवढी दुकानं झाली, एवढी वर्दळ वाढली, म्हणून तर मंजूर झाला. मी स्वतः हात वर केला गावाच्या बैठकीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिन्यापासून."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

साहेबांचे हसू ओसरले. "बैठकीत कुणी नव्हतंच तुमच्यापैकी. मला वाटलं, कळलं असेल. विचारलं नाही कुणी."

"बैठक दुपारी असते, साहेब. दुपारी आम्ही दुकानात असतो. तुमच्याच शेजारी, भिंतीला भिंत लावून."

साहेब गोरेमोरे झाले. कूका त्यांच्याकडे बघत राहिली. मला तिच्या मनातले कळत होते. माणूस चांगला होता, खोटे बोलणारा नव्हता. पण गाड्या ओळखण्यात त्याची चूक झाली असेल तर त्याला काहीच भोगावे लागणार नव्हते.

"तुम्ही त्या गाड्यांपाशी जा," ती शेवटी म्हणाली. "त्यातल्या एकाला माझ्यासमोर आणून उभा करा. मग मी बटण दाबते."

साहेब म्हातारे आहेत, गुडघे दुखतात, पण ते चक्क पळत गेले. ते येईपर्यंतचा वेळ मला लरेडोच्या सगळ्या वर्षांपेक्षा मोठा वाटला. पुढच्या दाराने परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर नारिंगी बंडी घातलेला एक पोरगेला माणूस होता. त्याच्या खांद्यावर मोजणीची काठी होती आणि नाक थंडीने लाल झाले होते. त्याने आत डोकावून विचारले, "इथे खायला काही गरम मिळेल का? सगळा रस्ता बंद आहे. कुणी वारलंय का?"

एवारिस्तो मटकन बादलीवर बसला. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिले. कूकाने पट्टा चढवला, बटण दाबले, आणि मी बोलले. एवढ्या जोरात मी आयुष्यात बोलले नव्हते. हळूहळू शटरे वर गेली. बायका आल्या, बादल्या उचलायला लागल्या, आणि गरजेपेक्षा जास्त हसायला लागल्या. "आपल्याच रस्त्याला घाबरलो गं आपण!" असे एकमेकींना सांगत होत्या. भट्टीवाल्याने त्या नारिंगी बंडीवाल्याला फुकटचे पाव खाऊ घातले.

या गडबडीत ओफेलिया दिसेना. मागचे दार सताड उघडे होते. अनोळखी माणसाचा आवाज ऐकला तशी ती पोत्यांआडूनच बाहेर पडली होती. शाळेत जाऊन तिने लेकीला घेतले आणि बस पकडून ती दुसऱ्या राज्यात बहिणीकडे निघून गेली. तिची पिवळ्या फितीची बादली तेवढी राहिली.

नाताळ झाल्यावर तिचा फोन लागला. कूका माझ्याजवळच उभी राहून बोलत होती.

"ते रस्त्याचे लोक होते गं, ओफेलिया."

"कळलं मला, दोन्या."

"मग ये ना परत. तुझ्यावाचून चुना नीट पडत नाही. पोरीची शाळा बुडतेय."

पलीकडून तिचा आवाज आला, "या वेळी रस्त्याचे होते."

कूकाने फोन ठेवला आणि माझ्या चाकावर डोके टेकून ती रडली. मला हात नाहीत, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

वसंतात रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत. नगराध्यक्षांनी फीत कापली आणि या भागाच्या प्रगतीवर भाषण केले. झगे शिवणारी बाई मात्र भाषणाला नव्हती. तीही गाव सोडून गेली होती. तिच्या काचेवर पुन्हा फळी बसली आहे. हॅल्वरसनसाहेब आता बैठक संपली की थेट आमच्याकडे येतात आणि काय काय ठरले ते सगळे सांगतात, अगदी कचऱ्याच्या डब्यांपर्यंत. कूका त्यांना कॉफी देते. ते चांगलेच आहे, पण ओफेलियाला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्याही गल्लीत एखादे दुकान असेल, लांबून आलेल्या माणसांनी कष्टाने उभे केलेले. तिथून तुम्ही रोज काहीतरी नेत असाल. त्याच्यामुळे तुमची गल्ली जागी असेल. ते एका सकाळी उघडले नाही, तर "आज बंद दिसतंय" असे म्हणून पुढे जाऊ नका. दार वाजवा, विचारा. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल तर कुणी विचारण्याची वाट बघू नका, आधी जाऊन सांगा. गिरणीला तेल लागते, टाकी लागते, ते तर कुणीही देईल. ती चालवणाऱ्या माणसांना त्याहून थोडे जास्त लागते.

मी अजून रोज दळते. आवाजही तोच आहे. पण कूका आता दिवा लावला की लगेच बटण दाबत नाही. आधी दाराशी जाते, पडदा बाजूला करते, नव्या रस्त्याच्या या टोकाला बघते, त्या टोकाला बघते. मग परत येते. तेवढा वेळ, मित्रांनो, मला फार भीती वाटते.