नळातला वारा

वरच्या गल्लीत व्यंकटरावांच्या दारापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. महिनाभर कोरड्या पडलेल्या नळाला सावळगावची शहाणीसुरती माणसं झेंडूचे हार घालत होती. लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, पण पावसाला काही ते कळलं नव्हतं.

गुप्तगंगा महाराजांनी शंख फुंकला. आणि नळाला पाण्याचा थेंब नसताना मीटरचा काटा गरगरा फिरायला लागला!

"आली! माय आली!" बायांनी पदर पसरले.

"पुण्यवंतांच्या दारी गंगा गुप्त वाहते, बाळांनो!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "खालच्या वस्तीनं तिला बाटवून तिकडं ओढलीय. तो नळ बंद करा. सात दिवसांत ती इथं प्रकट होईल!"

पुण्यवंतांना कोरडा नळ आणि पाप्यांना पाणी, ही कुठली रीत, असं एकानंही विचारलं नाही. विचारायला डोकं लागतं, आणि ते तर सगळ्यांनी महाराजांच्या पायावर ठेवलेलं.

नगराध्यक्ष व्यंकटराव तर हात जोडूनच उभे. पाणी नसताना मीटर पळतात अशी गावाची तक्रार होती, म्हणून नवे मीटर बसवायचे, पाईपातली हवा बाहेर सोडायची झडप बसवायची, असा प्रस्ताव दुपारच्या नगरपरिषदेच्या बैठकीत यायचा होता. आता तो बासनात जाणार होता. गंगामाय ज्या काट्यात बसली, तो काटा काढायचा कसा? त्याऐवजी खालच्या भीमनगरचा नळ तोडायचा ठराव तयार होता.

गर्दीच्या मागं त्याच भीमनगरची नागाबाई उभी होती. भीमनगरात चाळीस घरं आणि नळ एकच. तिची सून आठ दिवसांची बाळंतीण. नळ तुटला तर लेकराला आंघोळ कशानं घालायची?

नागाबाई जत्रांतून फुगे आणि पिपाण्या विकायची. महाराज दर वेळी शंख फुंकायच्या आधी चोरून गल्लीच्या टोकाच्या टाकीकडं बघतात, हे तिनं हेरलं होतं. टाकीवर नगरपरिषदेचा पाणी सोडणारा दगडोबा व्हॉल्व्ह सोडला की खूण म्हणून लाल फडकं हलवायचा. फडकं हललं की शंख वाजायचा. त्याच वेळी नळातून बारीक फुस्स असा आवाज यायचा, आणि तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

ती गर्दीतून घुसली.

"ए बाई, मागं हो!" महाराज ओरडले.

"साठ वर्सं मागंच होते की. आज पुढं येते."

तिनं नळाला हात घातला. "अगं, बाटवला! नळ बाटवला!" कुणीतरी किंचाळलं. तोवर तिनं झोळीतली पिपाणी चिंधी गुंडाळून नळाच्या तोंडात खुपसली होती.

"पींऽऽऽऽ!"

एक पोरगी फिस्सकन हसली.

"महाराज, तुमची गंगा पिपाणी वाजवायलीय की वो!" नागाबाईनं पिपाणी काढून फुगा लावला. तो टम्म फुगला. गाठ मारून तिनं तो व्यंकटरावांच्या हातात दिला. "घ्या अध्यक्षसाहेब, गंगा. देव्हाऱ्यात ठेवा."

फुगा महाराजांच्या त्रिशुळाला लागला आणि फट्‌कन फुटला. थेंब काही पडला नाही.

"तीस वर्सं वारा इकून पोट भरलं म्या. मला वारा वळखू येत न्हाई व्हय? दगडोबा, व्हॉल्व्ह बंद कर रं! आता फुका शंख, महाराज."

महाराजांनी गाल फुटेस्तोवर फुंकला. काटा ढिम्म.

दगडोबा टाकीवरून उतरून आला. "टाकीत हातभर पानी हाय. सोडलं की पानी खाली पळतंय अन् पाईपातली हवा इकडं चढतीय. हवेनं काटा फिरतोय. लई येळा सांगितलं, पन माझं कोन ऐकतंय?"

महाराजांना एकाएकी माहूरला निकडीचं काम आठवलं.

व्यंकटरावांचा चेहरा पडला, पण अध्यक्षपणा गेला नाही. "ते असू दे. पण पाणी तुमच्याच वस्तीला का मिळतं?"

नागाबाईनं रागानं उताराकडं बोट केलं. "वस्ती उताराला हाय म्हनून. अन् आमाला उताराला कुनी बसवलं, व्यंकटराव? तुमच्याच आज्या-पंज्यानं. आमी शिवलेलं पानी तुमच्याकडं येऊ नये म्हनून! आता पानी उताराला येतंय तर आमी पापी?"

मग ती गर्दीकडं वळली, "हात जोडायच्या आधी हात लावून बघत जा. येवढंच सांगायले."

दुपारी बैठकीत नव्या मीटरांचा आणि झडपांचा प्रस्ताव मंजूर झाला. नळ तोडायचा कागद कुणी वाचलाच नाही.

पण झडपा बसेपर्यंत तहान थांबते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटरावांच्या बायको भामाबाई घागर घेऊन भीमनगरच्या नळावर आल्या. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. नागाबाईनं रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.

नंबर आला तशा भामाबाई घुटमळल्या. नळाला हात लावावा की न लावावा?

"लावा की," नागाबाई म्हणाली. "वारा न्हाई, पानीच हाय."

भामाबाईंनी नळ सोडला. घागर भरायला लागली.