माझ्या जातीचा तपास

मी कोंबडी बोलतेय. आज हे ठामपणे सांगते, पण लहानपणी यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. पुढेपुढे तर माझाही डळमळला होता.

पुठ्ठ्याच्या एका खोक्यातून आम्ही तिघी या घरी आलो. मी, एक पिवळी आणि एक तपकिरी. विकणारा म्हणाला, "सगळ्या माद्या आहेत. जाती मिसळलेल्या आहेत, मोठ्या झाल्या की कळेलच." एवढं बोलून तो लगबगीने निघून गेला. ती लगबग भाऊजींना खटकली.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. घरोघर जाऊन विजेचे मीटर तपासणं हे त्यांचं काम, त्यामुळे समोरचा काहीतरी लपवतोय असं धरूनच ते चालतात. वहिनी शिवणकाम करतात. कोंबड्या पाळायची हौस त्यांची. घरमालकाने परवानगी दिली ती एका अटीवर: कोंबडा नको. तळमजल्यावरच्या नर्सताई रात्रपाळी करून सकाळी झोपतात आणि त्यांची खिडकी परसात उघडते. एकदा जरी आरवणं ऐकू आलं, तरी सगळ्यांचीच उचलबांगडी.

झालं, आमची चौकशी सुरू झाली. भाऊजी एका हातात मोबाइल धरायचे, दुसऱ्यात मला. फोटोतलं पिल्लू बघायचे, मग माझे पाय.

"वहिनी, हिच्या पायांवर पिसं आहेत. ही साधी वाटत नाही मला."

"तुमच्या पायांवर केस आहेत भाऊजी. तुम्हाला कुणी मोबाइलमध्ये शोधतं का?"

भाऊजी पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागले. दर आठवड्याला माझी जात बदलायची. माझे पाय जाडजूड, चाल संथ, अंग थोराड. "हा कोंबडाच," ते पुटपुटायचे. ते आले की मी पाय पोटाखाली घेऊन बसायचे. पण लपवायला बघतेय म्हणून संशय आणखी वाढायचा.

पिवळी वाढता वाढता पांढरीशुभ्र झाली. रात्री ती मला चिकटून झोपायची. तिचा तुरा आमच्या आधी वाढला आणि लालभडक झाला. तपकिरीचा मात्र पिसांत बुडालेला, असून नसल्यासारखा. ती कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. सगळे म्हणायचे, किती गुणी.

एका सकाळी परसात आवाज उठला. घोगरा, अर्धवट, गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा. नर्सताई नुकत्याच कामावरून आल्या होत्या.

"वहिनी, कसला आवाज हो?"

"दार कुरकुरलं असेल," वहिनी म्हणाल्या आणि लगेच शिवणयंत्र जोरात चालवू लागल्या.

भाऊजींनी मात्र निकाल लावून टाकला. "एवढा लाल तुरा मादीचा असतो का?" वहिनी नको म्हणत असतानाच त्यांनी पांढरीला पिशवीत घातलं आणि ऑफिसमधल्या मित्राकडे देऊन आले. त्याचं अंगण मोठं होतं. जाताना ती पिशवीतून डोकं काढून माझ्याकडे बघत राहिली.

दोन-तीन आठवड्यांनी तोच आवाज पुन्हा आला.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी आरवले नव्हते. पण इतकी वळून वळून बघायला लागली माणसं, की वाटलं, झोपेत ओरडले तर नसेन? भाऊजींनी मला टोपलीखाली झाकलं. मित्राला फोनही लावला.

तेवढ्यात नर्सताई मागच्या दाराने आल्या. आता भांडण होणार, असं वाटलं. त्यांनी टोपली उचलली, मला निरखलं. म्हणाल्या, "रिपोर्ट येईपर्यंत आम्ही कुणाला ऑपरेशनला नेत नाही. सोडा तिला."

"आणि घरमालक?" भाऊजींनी विचारलं.

"त्यांना मी काही सांगितलेलं नाही अजून."

झोप बाजूला ठेवून त्या पायरीवर बसल्या. बराच वेळ काहीच घडलं नाही. भाऊजी अस्वस्थ. मग गुणी तपकिरी पाण्याच्या पिंपामागे गेली, इकडेतिकडे पाहिलं, मान ताणली आणि आरवली.

वहिनी आधी हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, आमची पांढरी."

तपकिऱ्याला घेऊन भाऊजी त्याच दुपारी मित्राकडे गेले, पण पांढरीला न घेताच परतले. ती अंडी द्यायला लागली होती, आणि मित्र म्हणाला, "आता कशी परत देऊ? मुलांना लळा लागलाय." ती लेगहॉर्न निघाली. त्या जातीत माद्यांचा तुराही मोठा असतो. मी ब्रह्मा. पायांवर पिसं आणि थोराड अंग आमच्यात सगळ्यांनाच. हे भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं.

आता मीही अंडी देते. भाऊजी रोज तळहातावर दाणे धरतात. मी खाते, पण आधी त्यांच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघून घेते. ते ओळखतात, आणि दुसरा हात उघडून दाखवतात.

रात्री माझी एक बाजू गार पडते. तुमच्यापैकी कुणी त्या मित्राच्या अंगणावरून जाणार असाल, तर जरा थांबा. पांढरी दिसेल, तुरा आता एका बाजूला कलला असेल. तिला तिच्या जातीच्या नावाने हाक मारा. कोंबडा तेवढं म्हणू नका.