गिळलेल्या आणि नुसत्या चिकटलेल्या

उंदरांच्या धमन्यांचे काप काढण्यात ताईचा हात धरणारं प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. केसाहून पातळ काप ती काचेवर अलगद उतरवायची, एक सुरकुती पडायची नाही. बावीस वर्षं हेच काम. मग तिची धाकटी बहीण डॉक्टरेट मिळवून तिथेच संशोधक म्हणून रुजू झाली आणि प्रमुखबाईंच्या तोंडी सदान्‌कदा धाकटीच.

धाकटीचा विषय असा: धमनीच्या भिंतीत पेशी मरतात, भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. आजारी धमनीत मात्र मेलेल्या पेशींच्या अंगावर ‘मला खाऊ नका’ अशी खूण असते. त्या तशाच पडून कुजतात, चरबीचा थर आतून मऊ होतो आणि एक दिवस फुटतो. धाकटीने ती खूण झाकणारं औषध उंदरांना दिलं होतं. तिच्या मोजणीत गिळलेल्या पेशी दुप्पट भरल्या.

आई फोनवर सगळ्यांना सांगायची, “आमची धाकटी हृदयविकारावर औषध शोधतेय.” आणि ताई? “ती पण तिथेच असते.” ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते काप कोणाचे होते?

एका दुपारी धाकटी बाहेर गेली होती. ताईने तिच्या काचांचा डबा काढला. चूक सापडावी, एवढीच इच्छा. आणि सापडली. सूक्ष्मदर्शकाचं चाक जरा फिरवलं की दिसत होतं, कित्येक मेलेल्या पेशी भक्षक पेशीच्या आत नव्हत्याच. नुसत्या वर चिकटल्या होत्या.

ताईला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. तरी धाकटीला ती काही बोलली नाही. सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांदेखत म्हणाली, “यातल्या बऱ्याच गिळलेल्या नाहीत.”

धाकटी उठली. तिने तिथल्या तिथे काच लावून पाहिली. “ताई बरोबर बोलतेय,” ती म्हणाली. “मी सगळं परत मोजते.”

“चूक इतक्या सरळपणे कबूल करायला मोठं मन लागतं,” प्रमुखबाई म्हणाल्या. पुन्हा कौतुक धाकटीचंच.

दोघींनी शेजारी बसून तीन आठवडे मोजलं. दुप्पट नाही, पण दीडपट निघाल्या. औषध खरंच काम करत होतं. शेवटच्या दिवशी धाकटीने विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

ताईला थाप सुचली होती, पण ती म्हणाली, “तू तोंडावर पडावीस असं वाटत होतं.”

“कळलं होतं मला,” धाकटी म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक मोजणी ती ताईकडून तपासून घेऊ लागली. घरी जायला मात्र ती पुढे कित्येक महिने पूर्वीसारखी ताईसाठी थांबली नाही.