हातातल्या चपला

शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली होती आणि द्वारकाबाई ती हाताने उलटीसुलटी करत बसल्या होत्या. एवढ्यात त्यांची सून कोमल मोबाइल घेऊन घरातून धावत आली. "आत्याबाई, माझा नंबर लागला! पीएच.डी.ला!"

ओट्यावर चहा पीत बसलेल्या रुद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मान वर केली नाही. तत्त्वज्ञान आणि मानवी भूगोल एकत्र करून विद्यापीठाने हा नवा अभ्यासक्रम काढला होता. त्यासाठी आधी अर्ज केला तो रुद्रने. सोबत असावी म्हणून कोमललाही त्यानेच अर्ज भरायला लावला. मुलाखतीत बायको निवडली जाईल आणि आपण मागे राहू, हे त्या शहाण्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"छान," तो म्हणाला आणि अर्धा चहा तसाच टाकून उठून गेला.

"हे शिकून काय करनार तू?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आपल्याच गावाचा अभ्यास करणार, आत्याबाई. कोण कुठून चालतं, कसं चालतं, हे भूगोलात येतं. अन् तसंच काहून चालायचं, हे ठरवायचा हक्क कुणाचा, हे तत्त्वज्ञानात. पारापुढून जाताना आपण चपला हातात घेतो ना, त्याच्यावरच बोलले मी मुलाखतीत."

त्या गावची ती रीतच होती. पारावर वडीलधारी मंडळी बसलेली असली की सुनांनी चपला काढून, हातात धरून, पदर सावरत पुढे जायचं. रस्ता सिमेंटचा झाला, उन्हात तव्यासारखा तापू लागला, पण रीत काही हलली नाही. द्वारकाबाई पोटुशी असताना एकदा तळपायांना फोड आले होते, तरी त्यांनी ती मोडली नव्हती. आणि आता ही कालची पोर तेवढ्याच गोष्टीवर बोलून मोठी होणार! पाय भाजले आमचे आणि नाव होणार हिचं? द्वारकाबाईंचा अगदी जळफळाट झाला. दिवसभर त्या सुनेशी धड बोलल्या नाहीत.

रुद्रचा मत्सर मात्र गप्प बसणारा नव्हता. संध्याकाळी त्याने वडिलांचे, विश्वंभररावांचे, कान भरले. "बाबा, कोमल परवा चपला घालून पारापुढून गेली. लोकं हसून राहिले आपल्याला."

ती गेली होती हे खरं. कुणी हसत नव्हतं. पण विश्वंभररावांना एवढं पुरलं. उद्या सकाळी सुनेने पारापुढे चपला हातात घेऊन यावं, चुकलं म्हणावं आणि ते शिक्षण सोडावं, नाहीतर माहेरची वाट धरावी, असा त्यांनी हुकूम सोडला. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवसही नेमका तोच होता.

सकाळी द्वारकाबाई तिला घेऊन निघाल्या. कोमलने कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावली होती. पारावर विश्वंभरराव, चार म्हातारे आणि त्यांच्या कडेला रुद्र. पार दिसताच द्वारकाबाईंनी सवयीने चपला हातात घेतल्या. कोमल वाकली नाही.

"चपला काढ," विश्वंभरराव म्हणाले.

"न्हाई मामा. माझं चुकलं असतं तर काढल्या असत्या."

"रुद्रची माय, काढाय लाव तिला!"

द्वारकाबाईंनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. टाचांना एकही भेग नव्हती. ही वाकावी असं त्यांना रात्रभर वाटत होतं आणि आता ती वाकत नाही हे पाहून तर छाती आणखीच जळू लागली. आपल्याला का जमलं नाही असं? एवढी वर्षं का नाही जमलं? त्यांचे डोळे भरून आले. हातातल्या चपला त्यांनी धाडकन खाली टाकल्या आणि त्यांत पाय घातले.

"लई जळले मी हिच्यावर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. पर माझे पाय काय हिनं भाजवले व्हय? तुमी भाजवले." मग त्या मुलाकडे वळल्या. "अन् तू रं? तुला जागा भेटली न्हाई, तर हिचीबी घालवून राहिला? इथं पारावर बसायला तुझी कोन परीक्षा घेतली होती?"



"घरी ये, मग बघतो तुला," विश्वंभरराव ओरडले.

"येते की. हिला वारंगा फाट्यावर गाडीत बसवून येते."

दोघी पायात चपला घालून पारापुढून गेल्या. म्हातारे बघत राहिले.

वाचकहो, रुद्रला नावं ठेवणं सोपं आहे. तुमच्या गल्लीत पारही नसेल. पण तुमच्या बायकोने, बहिणीने किंवा सुनेने अशीच धावत येऊन आनंदाची बातमी सांगितली होती, तेव्हा तुम्हीही "छान" म्हणाला असालच. त्या दिवशी तुमच्या कपातला चहा संपला होता का?