हिरव्या शुक्रवारी लाल स्वेटर

“वर्ना, सोमवारपासून तुमच्या घशाला विश्रांती,” प्रिन्सिपल स्ट्राउड म्हणाले. “सकाळच्या सूचना आता मुलं टीव्हीवरून देतील.”

“का? माझा घसा तुमच्याकडे तक्रार घेऊन आला होता?” टपालावरची नजर न काढता वर्ना कोल्बेकनं विचारलं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावच्या हायस्कुलात वर्नाबाई कचेरी सांभाळत. रोज पहिल्या तासाआधी भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज वर्गावर्गात जाई. कुठली बस उशिरा येणार, कुणाचा डबा कचेरीत पडलाय, वाढदिवस कुणाचा. सुट्टीत जन्मलेल्यांचा वाढदिवस त्या सहा महिने आधीच उरकून टाकत, उगीच कुणी राहून जायला नको. तो आवाज ऐकत दोन पिढ्या शिकून गेल्या. आणि तो बंद करताना त्यांना कुणी साधं विचारलंही नाही. हे त्यांना फार लागलं.

मुलांचं चॅनल सुरुवातीला नुसता पोरखेळ होता. ग्रंथालयामागची अडगळीची खोली, कुणाच्या तरी काकाचा जुना कॅमेरा आणि बातम्या वाचताना टॅम्सिन ओक्सची थरथरणारी हनुवटी. पण कार्टी चिवट निघाली. हवामान आलं, स्वयंपाकघरातल्या बायकांच्या मुलाखती आल्या, मग फुटबॉलचे सामनेही. शिक्षक कोपऱ्यात बसून वह्या तपासत, बाकी कारभार सगळा पोरांचा. दोन वर्षांत चॅनलचा असा वेल मांडवाला गेला, तरी वर्नाबाईंनी कचेरीतल्या टीव्हीकडे फिरवलेली पाठ काही वळवली नाही.

मग माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा शुक्रवार उजाडला. त्या दिवशी शाळेच्या फुटबॉल संघाच्या रंगाचा हिरवागार सदरा घालायचा, हा शाळेचा रिवाज. प्रिन्सिपलपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे हिरवे. वर्नाबाई मात्र मुद्दाम लाल स्वेटर घालून आल्या. रुसवा होता, तो दिसायला नको?

त्यात त्या सकाळी मुलांचा कार्यक्रम प्रथमच गावातल्या घराघरांत दिसणार होता. मुलांनी आदल्याच दिवशी मागे नवा पडदा टांगला होता. त्याच्या जागी कॉम्प्युटर हवं ते चित्र दाखवी. पडदा अर्थातच हिरवा.

कार्यक्रम सुरू झाला आणि कचेरीत उभे असलेले स्ट्राउड ओरडले, “धडं कुठं गेली पोरांची?”

वर्नाबाईंनी न राहवून वळून पाहिलं. गावाच्या नकाशावर दोन मुंडकी आणि चार हात तरंगत होते. हिरवं दिसेल ते पुसायचं, एवढंच कॉम्प्युटरला ठाऊक; त्यानं पडद्याबरोबर सदरेही पुसून टाकले होते.

“तळ्यात पोहायला गेली असतील,” वर्नाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

टॅम्सिनलाही समोरच्या टीव्हीवर स्वतःचं मुंडकं दिसलं. ती खुदकन हसली, मग तिला हसू आवरेना आणि शेवटी रडूच फुटलं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एमेटनं घाबरून दिसेल ते बटण दाबलं, तर नकाशा जाऊन समुद्रकिनारा आला.

पुढच्या क्षणी टॅम्सिन धापा टाकत कचेरीत हजर.

“बाई, अख्ख्या शाळेत धड असलेल्या तुम्ही एकट्याच! चला ना!”

“आता धड गेल्यावर माझी आठवण झाली होय गं?”

“आधी विचारायची भीती वाटायची. तुम्ही आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता.” टॅम्सिननं बाहीनं नाक पुसलं. “वाचायला मी तुमचंच ऐकून शिकले, बाई. आज फजिती झाली तर गाव पुन्हा कधी बघणार नाही आम्हाला.”

वर्नाबाईंनी चष्मा घातला आणि त्या उठल्या.

ज्यांनी आजवर फक्त आवाज ऐकला होता, त्यांना समुद्रकिनाऱ्यावर लाल स्वेटरातल्या बाई दिसल्या.

“सुप्रभात. मेळाव्याची मिरवणूक दोन वाजता. घोडे बँडच्या मागे ठेवा. मागच्या वर्षी वाजवणाऱ्यांना खाली बघत चालावं लागलं होतं.”

वर्गांतून हशा उसळला, तो थेट त्या खोलीपर्यंत ऐकू आला. वर्नाबाई खुलल्या. असा सूर लागला होता की सूचनांचा सगळा कागद त्यांनी एकटीनं वाचून टाकला असता. पण अर्ध्यावर त्या थांबल्या, शेजारची खुर्ची ओढली आणि टॅम्सिनला हात केला.

“ये. पुढचं तू वाच. आणि घाई करू नकोस.”

लाल स्वेटराशेजारी एक रडवेलं मुंडकं येऊन तरंगू लागलं. टॅम्सिन वाचू लागली, सावकाश, वाक्याच्या शेवटी किंचित थांबत, अगदी वर्नाबाईंसारखी. बाईंना भरून आलं. कॅमेऱ्यापुढे त्या ताठ बसून राहिल्या आणि शेवटपर्यंत मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत.