बंद बॉनेटखालची हवा

मित्रांनो, स्पोर्ट्स कार पाहायला आलेली माणसं आधी चाकांपाशी वाकतात, मग आत डोकावून आसनांचं कातडं चाचपतात. बॉनेट उघडलंच, तर इंजिनाकडे टक लावून बघत राहतात. त्या इंजिनाच्या शेजारी, डाव्या कोपऱ्यात मी बसलेला असतो. मी एक जुना, काळा, प्लास्टिकचा डबा आहे. माझ्या पोटात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आहे आणि माझं लांब नाक पार पुढच्या जाळीपर्यंत पोचतं. बाहेरची हवा गाळून इंजिनाला पाजायची, एवढंच माझं काम.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला या कामाची लाजच वाटली होती. दिवे उजेड पाडतात, चाकं धावतात, आणि मी काय करायचं, तर हवा वाहायची! हवा म्हणजे काहीच नाही, अशी माझी समजूत होती. मग कारखान्यात पहिल्यांदा इंजिन सुरू झालं आणि माझ्या नाकातून वारा असा आत घुसला, की माझ्या क्लिपा थरथरल्या. बरं, तो थांबेल तर शपथ! पेट्रोल तिथे घोटाघोटाने येत होतं. हवा मात्र ते इंजिन कोठारंच्या कोठारं रिचवत होतं. केवढं ते अवजड धूड, आणि ते जगत होतं हाताच्या मुठीत धरता न येणाऱ्या गोष्टीवर! त्या दिवशी मी जो थक्क झालो, तो आजही तसाच आहे.

आमची काळपट हिरवी, दोन आसनांची गाडी घेतली कासिमिर यांनी. जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात, ओबरटान गावी त्यांची लाकडाची गिरणी होती. रविवारी प्रार्थना आटोपली की ते टोपी डोक्यावर दाबून गाडी घाटाला लावत. काय काय हवा प्यायलो मी त्या घाटात! ओल्या भुशाची, कापलेल्या गवताची, फरच्या झाडांमधून उतरणाऱ्या धुक्याची. थंड हवा दाट असते, मित्रांनो. ती आत आली की इंजिनात प्रत्येक घोटाला जास्त जोर येतो. गरम हवा विरळ. कितीही प्या, पोट भरत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, त्या घाटानेच शिकवलं.

कासिमिर गेले आणि गाडी त्यांच्या दोन मुलांच्या नावावर आली. थोरली लिओबा गावातच दातांची डॉक्टर. धाकटा वेंडेलिन मानहाइम शहरात तयार स्वयंपाकघरं विकायचा. त्याला गाडी शहरात न्यायची होती, उबदार गॅरेजमध्ये ठेवून, चकचकीत करून प्रदर्शनांत मांडायची होती. लिओबाला ती याच घाटात हवी होती, चिखल उडवत, पळत. वडिलांच्या मागे तिच्याकडे त्यांचं म्हणावं असं हेच एक उरलं होतं, कारण गिरणी केव्हाच दुसऱ्यांची झाली होती. दोघंही हटेनात. शेवटी आलुबुखारचा केक खाताना तोडगा निघाला. ऑगस्टमध्ये गावच्या घाटात शर्यत होते. तिथे एकाच गाडीतून दोन जणांना भाग घेता येतो. दोघांनी याच गाडीतून दोन दोन फेऱ्या मारायच्या, आणि ज्याला एकूण वेळ कमी लागेल, गाडी त्याची.

आता शर्यत म्हटली की गाडीत काहीतरी नवं बसवायची खाज माणसाला सुटतेच. दोघं गेली आल्मुटच्या वर्कशॉपात. आल्मुट ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. वेंडेलिनने बॉनेट उघडलं आणि थेट माझ्याकडे बोट केलं.

"हा डबा म्हणजे गाडीच्या तोंडावर दाबलेली उशी आहे. गुदमरतंय बिचारं इंजिन."

"पपांनी कधी तक्रार केली नाही," लिओबा म्हणाली.

"पपांनी जन्मभर एकच टोपी घातली. त्यांचं काय सांगतेस!"

"भांडण घरी जाऊन करा," आल्मुट म्हणाली आणि तिने काउंटरवर तीन पर्याय मांडले. एक कार्बन फायबरचा बंद डबा होता. त्याची किंमत ऐकून वेंडेलिन म्हणाला, "एवढ्यात मी माणसाला ओट्यासकट स्वयंपाकघर देतो." दुसरी होती एक लांब नळी, पार खालून, बंपरच्या मागून हवा ओढणारी. "ओबरटानचा रस्ता दोनदा ओढ्यातून जातो," आल्मुटने आठवण करून दिली. "ही हवेऐवजी पाणी पिईल, आणि मग इंजिन माझ्याकडे पोत्यात भरून आणाल." तिसरा होता लाल, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. ना डबा, ना झाकण, ना नाक. दिसायला मात्र इतका देखणा, की मला माझ्या अंगावरचे ओरखडे एकदम जाणवायला लागले.

आल्मुटने गाडी रोलरवर चढवली. चाकं जागच्या जागी फिरतात आणि पडद्यावर इंजिनाची ताकद दिसते, असं ते यंत्र. इंजिन तापू नये म्हणून बॉनेट उघडं ठेवायचं आणि समोर माणसाएवढा पंखा लावायचा, ही तिथली रीत. आल्मुटचीच नाही, सगळ्याच वर्कशॉपांची. आधी मला लावून मोजलं. मग माझ्या क्लिपा काढल्या, मला बाकावर ठेवलं आणि तो लाल शंकू माझ्या जागी चढला.

बाप रे, काय गर्जना ती! खिडकीच्या काचा झणझणल्या. वेंडेलिन लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. "नऊ! नऊ अश्वशक्ती जास्त! बघितलंस?"

"नुसत्या आवाजाने तसं वाटत नाहीये ना?" लिओबाने विचारलं.

"पडद्याला कान नसतात, लिओबा," आल्मुट म्हणाली.

आकडा समोर होता. शेवटी दोघांनी शंकूच घ्यायचा ठरवला. मीही मनातल्या मनात हरलो. माझ्यामुळे एवढी वर्षं इंजिन उपाशी राहिलं, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

तरी भंगारात गेलो नाही, त्याचं कारण सरकारी कागद. त्या शंकूला सार्वजनिक रस्त्यावर परवानगी नव्हती. शर्यतीच्या बंद रस्त्यावर तेवढा चालत होता. आणि विनापरवाना भाग लावून गावातून जाणं म्हणजे आमच्या लोकांच्या लेखी चिखलाचे बूट घालून चर्चच्या वेदीवर चढणं. त्यामुळे शर्यतीच्या ठिकाणापर्यंत गाडी माझ्यावर गेली. तिथे कुरणात पोचल्यावर मला काढलं आणि घोंगडीवर, थर्मासच्या शेजारी ठेवलं.

सकाळची पहिली फेरी वेंडेलिनची. गवतावर दव होतं, हवा गार. तो नंबर लागताच सुसाट गेला आणि तोंडभर हसत खाली आला. मग लिओबा आत बसली. पण तिच्या पुढची एक गाडी दुसऱ्या वळणावर पेंढ्याच्या गठ्ठ्यांत घुसली. रस्ता बंद. "आत्ता सुटेल, आत्ता सुटेल," असं झेंडेवाले सांगत राहिले, म्हणून कोणी इंजिन बंद करेना. ऊन फरच्या शेंड्यांवरून खाली आलं. लिओबा बंद बॉनेटमागे ताटकळत राहिली. अखेर सुटली तेव्हा गर्जना तर सगळ्या खोऱ्यात घुमली, पण ती गर्जना पुढे सरकेच ना. मी घोंगडीवर पडल्या पडल्या ऐकत होतो आणि माझा जीव वरखाली होत होता.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. वेंडेलिनपेक्षा ती किती तरी मागे पडली होती.

"चढच घेईना रे ती. पार वरच्या वळणानंतर कुठे जागी झाली."

"गाडी तीच, रस्ता तोच," वेंडेलिन सॉसेजचा पाव चावत म्हणाला. "बदलली फक्त चालवणारी. मानहाइममध्ये मी तिच्यासाठी जागा करून ठेवलीय हं!"

लिओबाने बॉनेट उघडलं, शंकूला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. मग ती तशीच उभी राहिली, एक हात उचललेल्या बॉनेटवर. तिची नजर इंजिनाकडून बॉनेटकडे गेली, पुन्हा इंजिनाकडे आली. मलाही त्याच क्षणी उलगडलं. वर्कशॉपात बॉनेट सारा वेळ उघडं होतं! समोरून पंखा वारा घालत होता! बॉनेट बंद केल्यावर तो देखणा शंकू इंजिनाचीच तापलेली हवा पीत होता. माझं हे कुरूप लांब नाक जाळीपर्यंत का ठेवलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. कोणा अनोळखी माणसाने बंद बॉनेटखालच्या अंधाराचा विचार करून मला घडवलं होतं. मित्रांनो, त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण मनोमन हात जोडले.

दुपारची पहिली फेरी पुन्हा वेंडेलिनची होती. ऊन रणरणत होतं, रांग लांब होती. लिओबा गप्प राहिली असती, तर तो शंकूवरच वर गेला असता आणि घामाघूम होऊन परतला असता. मग तिने मला बसवायचं आणि सकाळचं नुकसान भरून काढायचं, एवढं सोपं होतं. कोणी तिला नावं ठेवली नसती. मला तर ते फार आवडलं असतं.

"वेंडेल, इकडे ये," ती म्हणाली. "याला हात लाव."

"कशाला?"

"लाव तर!"

"आई गं!" तो बोट तोंडात घालून नाचला. "सॉसेज भाजून निघेल यावर!"

"आल्मुटकडे बॉनेट उघडं होतं. आणि समोर पंखा."

वेंडेलिन बोट चोखायचं विसरला. त्याने इंजिनाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हे तू मला माझी फेरी झाल्यावरही सांगू शकली असतीस."

"मग मला ती गाडी चालवताना लाज वाटली असती."

तो घोंगडीपाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. इतक्या जपून त्याने मला कधीच धरलं नव्हतं.

"सकाळचं काही मोजायचं नाही," तो म्हणाला. "मी गार गाडीतून गेलो, तू तापलेल्या. ती एक गाडी नव्हतीच."

"अरे, पण ठरलं होतं..."

"गप गं! क्लिपा आधी वरच्या लावायच्या की खालच्या, तेवढं सांग."

मग तो गेला माझ्यावर. रांगेत आम्ही भाजून निघालो, पण माझ्या नाकाशी रानातून उतरणारी हवा येत होती आणि सुटल्याबरोबर मी ती पोटभर ओढली. वेंडेलिनने जीव तोडून गाडी हाणली. आम्ही खाली परतलो तेव्हा फळ्यावर लागलेला वेळ पाहून कुरणातल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. याहून कमी वेळात कोणी जाईल असं मला वाटेना.

त्यानंतर लिओबा बसली. तिने वडिलांसारखा एक खोल श्वास घेतला आणि आम्ही उडालो. ती चढण मी आजवर कितीदा चढलो असेन. पण तशी कधीच नाही. ओढ्यावरची ओलसर हवा, वळणावरची रबराच्या वासाची, मग एकदम गर्द फरच्या सावलीतली, दाट, काळोखी, बर्फासारखी. ती माझ्यातून धावली आणि पलीकडे आग झाली. मी मधे उभा होतो, एका बाजूला सगळं रान आणि दुसऱ्या बाजूला ती आग, आणि आमच्या मागे एक बाई, जिला काहीही करून हे रान सोडायचं नव्हतं. माझ्यासारख्या डब्याच्या वाट्याला हे यावं! वरची रेषा ओलांडली तेव्हा माझ्या क्लिपा पहिल्या दिवसासारख्या थरथरत होत्या.

दिवसाच्या सगळ्या फेऱ्या संपल्या की गाड्या एका रांगेत सावकाश खाली उतरतात आणि कडेला उभे असलेले लोक चालकांच्या हातावर हात मारतात, ही आमच्या घाटाची पद्धत आहे. शेवटच्या वळणावर वेंडेलिन उभा होता. लिओबा पापणी लवण्याइतक्या फरकाने जिंकली होती. त्याने खिडकीत वाकून तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. गाडीबरोबर तसाच चालत राहिला.

"काय गं, ब्रेक कुठे असतात ते माहीत आहे ना तुला?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, ही गोष्ट सांगितली ती माझा मोठेपणा मिरवायला नाही. नवं जरूर घ्या. तो लाल शंकूही वाईट नव्हता, त्याची जागा वेगळी होती. पण एखाद्या वस्तूची पारख करताना ती जिथे, जशी राबणार आहे, तिथेच तिला पाहा. आणि जुनी वस्तू काढून टाकण्याआधी तिला एकदा हातात घ्या, साफ करा, ती तशी का घडवली असेल याचा विचार करा.

गाडी ओबरटानलाच राहिली. शरद ऋतूत फरच्या सुया माझ्या नाकात जाऊन बसतात आणि मला दम लागायला लागतो. तेव्हा वेंडेलिन मानहाइमहून येतो. मला खोलतो, एकेक सुई वेचून काढतो, नवा फिल्टर घालतो. लिओबाने मदतीला हात पुढे केला की तिच्या हातावर चापट मारतो.

"लांब राहा," तो म्हणतो. "गाडी तुझी. डबा माझा."