भेकराच्या मागचं गवत

मोरिवलीतल्या त्या घराच्या तिन्ही बाजूंना आता कंपन्यांच्या भिंती होत्या, पण जनूआजाच्या लोखंडी कपाटात दोन बंदुका अजून होत्या. बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं शेत होतं. डुकरांपासून ते राखायचं म्हणून मिळालेला परवाना आजा न चुकता नवा करून आणायचा.

"आजा, भेकरासाठी यातली कुठली बरी?" अल्पेशने विचारलं. लग्नाला कुठला शर्ट घालू, असं विचारावं तसं.

समजावता येत असताना आजा आयुष्यात कुणा पोरावर रागावला नव्हता. त्याने दोन्ही बंदुका खाटेवर ठेवल्या.

"ही बारा बोर. हिच्या काडतुसात छरे. ते पांगतात, शे-दीडशे पावलांत दमतात. ही रायफल. हिची गोली एकच, पन भेकर केवढं? बकरीएवढं. त्याच्यातनं पार होईल आनि जाईल सरल डोंगराला. म्हनून आधी काय बघायचं?"

"नेम."

"मागं काय हाय ते."

"तू मास्तर व्हायला पाहिजे होतास."

"आनि तू जेलात जाशील. भेकर मारनं गुन्हा हाय."

"तिथं कोण बघतंय? तीन दिवस रोज पाच वाजता बांधावर येतंय. मला बघून पळत पण नाही."

आजाचा हात रायफलीवरच थांबला. "डावा कान फाटलेला?"

अल्पेशच्या तोंडावरचं हसू गेलं. कानाचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आजा खाटेच्या कडेला बसला. "एकोनसत्तर साल. तवा परवाना काढून शिकार चालायची. रान उठवायला हाका घालनारे डोक्याला पांढरा फडका बांधायचे. फडका दिसला की मानूस तिथं, तिकडं नली वलवायची नाय. माजा भाव अनंता डावीकडं करवंदीत होता. फडका दिसत होता मना. समोर बांधावर भेकर. कान फाटलेला. हलंना. मी बारा बोर सोडून रायफल घेतलेली. मारली. रगत नाय, खूर नाय, भेकर नाय. मागच्या गवतात अनंता पडलेला. फडका करवंदीवर टाकून पानी प्यायला गेलता."

त्याने कपाट लावलं आणि किल्ली नेहमीसारखी घड्याळामागच्या खिळ्याला अडकवली.

म्हातारा भीती घालतोय, असं अल्पेशने स्वतःला समजावलं. भेकर मारणार, असं कंपनीतल्या समीरला तो बोलून बसला होता, साहेबांच्या कानावरही गेलं होतं. आता माघार घेतली असती तर वर्षभर कँटीनमध्ये त्याला भेकर म्हणूनच हाक पडली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी आजाचा डोळा लागल्यावर त्याने किल्ली काढली. बांधासमोर सगळं मोकळं रान होतं, लपायला झुडूपसुद्धा नव्हतं. इतक्या लांबून छरे पोचले नसते. त्याने रायफल घेतली.

समीरला त्याने डावीकडे, बाइकपाशी थांबायला बजावलं होतं. "हललास तर तुझंच मटण करीन."

"करशील रे. आधी भेकर तर दिसू दे," समीर म्हणाला होता.

पाच वाजता भेकर बांधावर आलं. येताना ते दिसलं नाहीच. बांध रिकामा होता आणि मग रिकामा नव्हता. वाऱ्याने सगळं गवत एका बाजूला झुकत होतं, त्याच्या पायांजवळचं मात्र उभंच होतं. अल्पेशने काडतूस भरलं आणि नेम धरला. फाटका कान नळीच्या टोकावरच्या माशीच्या पुढेच होता.

मागे काय आहे? गवत. आणि समीर? त्याने डावीकडे पाहिलं. बाइकच्या आरशाला समीरचं पांढरं हेल्मेट लटकत होतं. म्हणजे समीर तिथंच.

बोट चापावर गेलं आणि तिथंच अडलं. हेल्मेट दिसत होतं. समीर दिसत नव्हता.

रायफल तशीच खांद्याला ठेवून त्याने डाव्या हाताने खिशातला फोन काढला आणि समीरचा नंबर लावला.

रिंग वाजली. बाइककडून नाही. भेकराच्या बरोबर मागे, गवतातून.

भेकर दचकलं नाही. त्याने मान वळवून आवाजाकडे पाहिलं, मग पुन्हा अल्पेशकडे, आणि तसंच उभं राहिलं. वाट बघत असल्यासारखं.

अल्पेशने रायफलीचा बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर काढलं. वर पाहिलं तेव्हा बांधावर कुणी नव्हतं. गवतातून समीर पँट झटकत उठला.

"फोन काय करतो? तासभर इथं बसलोय, बाइकपाशी ऊन लागत होतं. कुठंय तुझं भेकर? उंदीर पण नाही आला."

बांधावरच्या ओल्या मातीत एकही खूर उमटलेला नव्हता.

घरी आजा दारातच बसला होता. घड्याळामागचा खिळा त्याने पाहिलेला असणार. भेकर मारलं का, असं त्याने विचारलं नाही.

"मागं कोन होता?"

"समीर."

आजाने रायफल हातात घेतली, नळी नाकाशी नेऊन वास घेतला. दारू जळाल्याचा वास नव्हता. बराच वेळ त्याने नळी तशीच नाकाशी धरून ठेवली.

"सकाली दोन्ही पोलीस ठान्यात जमा करू," तो म्हणाला. "मना एकट्याला उचलायच्या नाय. तू चल."